तिच्या केंद्रापुढचं निरंक

निरंक हा शब्द ज्या कुणी शोधून काढला त्याला एकदा समोर बसवायचं आहे मला. करणार काही नाही. नुसतं त्याचं तोंड बघायचं आहे.

आमच्या जव्हारच्या कार्यालयातून दर महिन्याला एक तक्ता वर जातो. त्या तक्त्यात रिकामी चौकट चालत नाही. शून्यही चालत नाही, कारण शून्याला म्हणे मागाहून कुणीही शेपूट लावून सहा नाही तर नऊ करतं. म्हणून जिथं काहीच घडलं नाही तिथं लिहायचं, ‘निरंक’. आमची संस्था सरकारी नाही. पण साहेबांचा अख्खा जन्म सरकारी कचेरीत गेला आणि निवृत्त होऊन ते इकडे आले ते ही रीत बरोबर घेऊनच. “तक्ता कसा, भरलेला दिसला पाहिजे,” असं म्हणतात आणि पेनाच्या टोपणानं कान कोरतात. कोरून झालं की टोपण उजेडात धरून निरखतात, आणि परत पेनाला लावतात. शी! इतकी वर्षं रोज बघतोय, पण माझी ती शिसारी काही गेलेली नाही.

मी त्या कार्यालयात यंत्रं सांभाळतो. मी साखरशेतचा. घरचे अजून भात आणि नाचणी करतात, आणि मी संगणक शिकलो म्हणून मला गावात ‘वायरवाला’ म्हणतात. संस्थेची जव्हार आणि मोखाड्याच्या पाड्यांवर डझनभर आरोग्य केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्रात एक सेविका असते. ती गरोदर बायांना तपासते, आणि कॅमेऱ्यापुढं बसवून शहरातल्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं करून देते. सगळ्या केंद्रांची ही बोलणी जव्हारच्या एका खोलीतल्या एका पेटीतून जातात. तिला फायरवॉल म्हणायचं. कोण आत येतं, कोण बाहेर जातं, हे ती तपासते, आणि महिनाअखेर कुठल्या केंद्रातून किती माहिती गेली त्याचे रंगीत खांब काढून देते. खांब उंच म्हणजे काम जास्त, असं आमच्याकडे धरतात.

ती खोली एकदा येऊन बघावी कुणी. पूर्वी तिथं मच्छरदाण्यांचे गठ्ठे असायचे. आता पेटी आहे, तिच्यावर पालीची घाण आहे, कोपऱ्यात उंदरांच्या लेंड्या आहेत, आणि एसीचं पाणी बादलीत पडत असतं. बादली ओतायची कुणी, यावर आमच्याकडे एक बैठक झालेली आहे. जिन्यात लोक थुंकतात म्हणून भिंतीला देवांच्या फरशा लावल्या, तर लोक दोन फरशांच्या मधोमध नेम धरून थुंकायला लागले. अशा जिन्यातून चढून जायचं आणि वर बसून स्वच्छतेचा तक्ता भरायचा.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. मोखाड्याच्या पलीकडं, पोशेऱ्याचा रस्ता सोडून बरंच आत गेलं की एक पाडा आहे. तिथल्या केंद्राची सेविका चाळिशीची बाई, त्याच डोंगरातली. तिचा फोन आला. “भाऊ, डाक्टर अडखळतो. त्याचं तोंड हलतं न् आवाज मागून येतो. बाया हसतात, मंग लाजतात, मंग बोलतच नाय. एकदा येऊन बघा ना.”

गेलो. तिचं केंद्र म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी. रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात येते, तर तिनं तिथंच वाशाला आमचा इंटरनेटचा डबा बांधलेला. वर पानांचं इरलं टाकलेलं, पाणी लागू नये म्हणून. इरलं माणसानं डोक्यावर घ्यायचं असतं, आवणीच्या वेळी वाकून भात लावताना. मी हसलो. ती म्हणाली, “हसा, हसा. तुमचं प्लास्टिक दोन वाऱ्यांत फाटलं. माझं इरलं बघा कसं हाय.” ते खरंच होतं, तेव्हा मी चहाकडं वळलो.

जव्हारला परत येऊन मी तिच्यासाठी एक गोष्ट केली. फायरवॉलमध्ये एक जलद वाट असते. एरवी पेटी प्रत्येक तुकडा थांबवून तपासते. जलद वाटेवर टाकलेल्या जोडणीचा फक्त पहिला तुकडा तपासला जातो, आणि मग पुढचं सगळं न थांबता पार होतं. एसटीचा कंडक्टर पासवाल्याचा पास पहिल्या दिवशी बघतो आणि नंतर नुसती मान हलवतो, तसं. मी तिच्या केंद्राची जोडणी त्या वाटेवर टाकली. बाकी कुणाची नाही, कारण मागितलं तिनं एकटीनंच होतं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. “भाऊ, डाक्टर सरळ बोलाय लागला!” इतकी खूश झाली की पलीकडं बसलेल्या बाईलाही तिनं माझ्याशी बोलायला लावलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, “ताई, आता एकच करा. लाइन बंद करू नका. डबा चालूच ठेवा.”

हे वाक्य मी बोललो, मीच.

शिमग्यानंतरच्या पहिल्या महिन्याचा अहवाल काढला तर तिच्या केंद्राला खांबच नाही. पेटी म्हणते, काही नाही. मी तक्त्यात तिच्यापुढं लिहिलं, निरंक. दुसऱ्या महिन्यालाही निरंक. तेव्हा माझा हात जरा थांबला होता, खोटं कशाला सांगू? मनात आलं, अरे, ही बाई तर बसते. मग मीच मला समजावलं की लग्नसराई आहे, बाया आल्या नसतील. एक फोन करायचा होता फक्त. तो केला नाही, कारण अकरा वाजता तक्ता साहेबांच्या टेबलावर हवा होता. तिसऱ्या महिन्यात तर हात थांबलाही नाही. निरंक लिहिण्याचं हेच वाईट. एकदा लिहिलं की पुढच्या वेळी मागचं बघून लिहिता येतं.

आणि आमच्याकडे नियम आहे, सलग तीन महिने निरंक असेल तर सेविकेला कमी करायचं.

आवणीच्या ऐन दिवसांत तिला जव्हारला बोलावणं गेलं. ती आली. आधी पाड्यापासून चालत, मग जीपनं, मग एसटीनं. युरियाच्या पिशवीत गुंडाळून तिन्ही महिन्यांची रजिस्टरं आणलेली. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. साहेबांनी आधी तिचे पाय बघितले, मग फरशी बघितली, आणि नाकाला रुमाल लावला. तुमच्या जिन्यात काय आहे ते बघता का कधी? तिथं नाही लागत रुमाल!

तिनं रजिस्टरं टेबलावर मांडली. प्रत्येक पानावर बायांची नावं, वजन, रक्तदाब, डॉक्टर काय म्हणाले ते, आणि पुढं अंगठे. साहेबांनी एकही उघडलं नाही. पेनाच्या टोकानं एक रजिस्टर बाजूला सारलं आणि म्हणाले, “हे काय, घरी बसूनही भरता येतं. अंगठ्याचं काय सांगता? यंत्र खोटं बोलत नाही. यंत्र म्हणतंय, निरंक.”

“सायब, डाक्टरला इचारा,” ती म्हणाली.

डॉक्टरांना काय विचारणार? ते कंत्राटावरचे. पडद्यावर रोज नवा चेहरा. त्यांच्याकडून महिन्याला एकूण किती बोलणी झाली एवढाच आकडा येतो, कुठल्या पाड्यावरून झाली ते नाही. आणि बोलणं तर कुठं साठवलेलंच नसतं. हे साहेबांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. ते तिलाच तेवढं माहीत नव्हतं.

मग ती माझ्याकडं वळली. मी दाराशी उभा होतो, हातात तोच रंगीत कागद. “भाऊ, तुम्ही तरी सांगा. तुम्ही म्हणालात लाइन बंद नको करू. मी एक दिवस बंद नाय केली.”

तेव्हा मला बोलता आलं असतं. निदान ‘थांबा, मी बघतो’ एवढं तरी. पण साहेबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, “अहवालात तर काहीच नाही, ताई.” आपलंच तोंड आपल्याला नकोसं होतं ना, तसं झालं मला. तिनं रजिस्टरं परत युरियाच्या पिशवीत घातली, नीट, कोपरे दुमडू न देता. साहेब म्हणाले सोमवारी निर्णय होईल, आणि ती गेली. शिपायानं लगेच फरशी पुसून घेतली.

मी वर खोलीत गेलो आणि दार लावलं. काय कोण जाणे, तिचं ते ‘एक दिवस बंद नाय केली’ डोक्यातून जाईना. रंगीत अहवाल बंद केला आणि टर्मिनल उघडलं. म्हणजे तो काळा पडदा, जिथं चित्रं नसतात आणि सगळं हातानं कमांड टाइप करून विचारावं लागतं. आमच्याकडे तो कुणी उघडत नाही. साहेब तर त्याला ‘ते तुझं काळं’ म्हणतात. पेटीला विचारलं, जलद वाट चालू आहे का? चालू आहे. त्या वाटेवर आत्ता कोणकोण आहे, सगळ्यांची यादी दे. यादी भरभर खाली घसरत गेली, आमच्या कार्यालयातल्याच जोडण्या बहुतेक. मग दुसरी कमांड दिली की यातून फक्त त्या पाड्याच्या पत्त्याची ओळ वेगळी काढ.

एकच ओळ आली. जोडणीचं वय, शिमग्याच्या आधीपासूनचं. एकदाही तुटलेली नाही. पुढं आतापर्यंत गेलेल्या माहितीचा आकडा, इतका लांब की मी बोट ठेवून अंक मोजले. तिनं काम केलं होतं. बाकीच्या केंद्रांपेक्षा जास्त केलं होतं. कपाळ माझं!

मग हळूहळू उलगडलं. पासवाल्याचं तिकीट फाटत नाही, म्हणून गाडी खच्चून भरलेली असली तरी तिकिटाचं मशीन म्हणतं गाडी रिकामी. जलद वाटेवरची माहिती अहवालाच्या मोजणीपुढून जातच नाही. पेटी तिची बेरीज स्वतःजवळ ठेवते आणि जोडणी तुटली की मगच ती अहवालात टाकते. बाकीच्या सेविका पाच वाजले की डबा बंद करून घरी जातात. हिची जोडणी तुटलीच नाही, कारण मी सांगितलं होतं तोडू नको, आणि तिनं ऐकलं होतं. लाइट गेली तर घरच्या सोलरची बॅटरी आणून लावायची, हे तिनं मला नंतर सांगितलं. म्हणजे जी मन लावून बसली तिच्यापुढं निरंक, आणि ते लिहिणारा मी.

मी दर तासाला तीच कमांड देत राहिलो. ती जव्हारला आलेली, त्यामुळे आकडा दिवसभर जवळजवळ ढिम्म. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दहा वाजता ढिम्म, सव्वादहाला ढिम्म, आणि साडेदहाला आकडा धावायला लागला. ती येऊन बसली होती. आदल्या दिवशी एवढं ऐकून घेतल्यावर! मी खुर्चीवरून उठलोच. दोन्ही दिवसांच्या ओळी कागदावर छापल्या आणि पळत साहेबांकडे गेलो.

साहेब चहा पीत होते. चहावर जाड साय आलेली, ती बोटानं काढून त्यांनी बशीच्या कडेला पुसली. कागद बघितला. “हे काय आहे?”

मी सगळं सांगितलं. पास, कंडक्टर, तिकिटाचं मशीन, सगळं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे.

“हे तुझं काळं मला काय कळतं? आणि वर कुणाला कळणार आहे? खांब कुठं आहे? खांब दाखव.”

खांब हवा ना? ठीक आहे. मी म्हटलं, दाखवतो. खांब उभा करायचा एकच मार्ग होता. तिची जोडणी तोडायची, म्हणजे पेटी सगळी बेरीज अहवालात ओतेल. जी लाइन त्या बाईनं इरलं घालून जपली ती मी खोलीत बसून एका ओळीच्या कमांडनं तोडली. दोन मिनिटांत फोन वाजला.

“भाऊ, लाइन गेली! शप्पथ सांगते, मी हात नाय लावला. बाई समोर बसलीय, डाक्टर अर्ध्यात गेला. आता तं ते म्हणतील मीच बंद केली…”

मी सांगितलं, “ताई, मी तोडली, तुम्ही काही केलं नाही, आत्ता जोडतो.” ती म्हणाली, “तुम्ही? काहाला?” मी लाइन जोडून दिली आणि फोन ठेवला.

खांब मात्र उभा राहिला. असा उभा राहिला की कागदाच्या वरून बाहेर जातो की काय. तीन महिने सपाट, आणि शुक्रवारी एकदम डोंगर. मी तो रंगीत कागद घेऊन खाली गेलो तेव्हा मला खरंच वाटत होतं की जिंकलो.

साहेबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग हसले. “अरे वा! गुरुवारी दम दिला, शुक्रवारी एका दिवसात तीन महिन्यांचं काम? हुशार आहे हो बाई. हे तर उलट जास्त संशयास्पद आहे.”

मी तिथंच ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण शिपाई दारात येऊन उभा राहिला. साहेब शांत होते. ही शांत माणसं मला जास्त घाण वाटतात. म्हणाले, “बस. तुझं म्हणणं खरं धरू. मग तीन महिने चुकीचा तक्ता कुणी भरला? तू. त्याच्यावर सही कुणाची? माझी. तो वर गेलेला आहे. वर गेलेला तक्ता खाली येत नसतो.”

“मी लेखी देतो,” मी म्हटलं. “चूक माझी आहे असं लिहून देतो.”

“दे.”

दिलं. एक पान भरून दिलं, सही करून. बायकोला विचारलंसुद्धा नाही, कारण विचारलं असतं तर तिनं नको म्हटलं असतं आणि मी ऐकलं असतं. साहेबांनी ते पान वाचलं, एका ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं, आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. ड्रॉवरमध्ये औषधाच्या रिकाम्या पाकिटांच्या खाली. सोमवारी तिला पत्र गेलं की सेवा समाप्त. माझ्या पत्राबद्दल मी दोनदा विचारलं. “विचाराधीन आहे,” म्हणाले. मला नोकरीवरून काढलंही नाही त्यांनी. काढलं असतं तर त्या पानाला अर्थ आला असता.

त्याच आठवड्यातला गुरुवार. मी सवयीनं टर्मिनल उघडलं. सवय म्हणजे काय, चाळाच लागला होता मला. कमांड दिली. तिची ओळ आली आणि आकडा धावत होता.

मी फोन लावला. “ताई, तुम्ही केंद्रात?”

“मंग कुठं?”

“अहो पण पत्र मिळालं ना तुम्हाला?”

“मिळालं ना. वाचलं.” मागं कुणीतरी खोकत होतं, एक लहान मूल रडत होतं. “आज बिस्तारवार हाय भाऊ, जास्त बाया येतात तो वार. बाया आवणी सोडून चालत आल्यात. एकीला सातवा हाय, पाय सुजलेत. तिला काय सांगू? मी निरंक हाय, तू जा घरी?”

मग लगेच म्हणाली, “ठेवा, डाक्टर आला.”

त्या दिवशी मी ठरवलं की आता ही बाई कागदावर दिसलीच पाहिजे. तिची जोडणी जलद वाटेवरून काढली आणि साध्या वाटेवर आणली. म्हणजे प्रत्येक तुकडा मोजला जाईल आणि खांब रोजचा रोज उभा राहील. व्हायचं तेच झालं. दुसऱ्या खेपेला तिचा फोन, “भाऊ, डाक्टर परत अडखळाय लागला.” मी म्हटलं, “थोडे दिवस सोसा ताई, तुमच्यासाठीच करतोय.” ती बरं म्हणाली. माझ्यावर विश्वास ठेवायचं तिला काही कारण उरलं नव्हतं, तरी बरं म्हणाली.

महिना संपला. अहवाल काढला. सोमवार आणि गुरुवार, सोमवार आणि गुरुवार, तिच्या केंद्राचे खांब ओळीनं उभे. मी तो कागद आणि कोरा तक्ता साहेबांपुढं ठेवला.

“हे केंद्र तर रिकामं आहे,” साहेब म्हणाले. “सेविका नाही ना तिथं? मग हे खांब कुणाचे?”

“तिचेच.”

“कुणाचे?”

“जिला काढलं तिचेच. आठवड्यातून दोनदा बसते.”

त्यांनी चष्मा काढला. “पगार तर बंद आहे. मग कशाला बसते?”

“बाया येतात म्हणून.”

साहेब खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्यांना कळलं होतं, मी शपथेवर सांगतो. शुक्रवारचा डोंगर काय होता, रजिस्टरातले अंगठे काय होते, सगळं त्या एका मिनिटात त्यांना कळलं होतं. तोंडावरून दिसत होतं. मी वाट बघत होतो की ते ड्रॉवर उघडतील.

मग ते म्हणाले, “पद रिक्त असताना काम दाखवता येत नाही. चौकशी लागेल. निरंक लिही.”

मी तक्ता त्यांच्याकडं सरकवला. “मी लिहिणार नाही. तुम्ही लिहा.”

मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं, तेच टोपण, आणि तिच्या केंद्रापुढं लिहिलं, निरंक. अक्षर सुंदर आहे त्यांचं, एकेक वळण जागच्या जागी. खाली सही केली, फुंकर मारली आणि टोपण कानात घातलं. “आणि ती लाइनही काढून टाक,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यात तिथं काही दिसता कामा नये.”

“दिसणार नाही,” मी म्हटलं.

वर खोलीत आलो. बादली भरून वाहत होती, फरशीवर पाणी, पाण्यात लेंड्या. ती आधी ओतून आलो. मग टर्मिनल उघडलं आणि तिची जोडणी परत जलद वाटेवर टाकली. पाच मिनिटं थांबून अहवाल बघितला. काहीच नाही, साहेबांना हवं होतं अगदी तसं सपाट. मग काळ्या पडद्यावर कमांड दिली. तिचा आकडा धावत होता. मी तिला फोन लावला.

“हां भाऊ, आता सरळ बोलतोय डाक्टर,” ती म्हणाली. “काय केलंत?”

“काही नाही. ताई, एक ऐका. लाइन बंद करू नका. कधीच करू नका.”

“मी कुठं करते, भाऊ,” ती म्हणाली.